परत आलेला माणूस



या व्याख्यानमालेत बोलायला या, विषय तुम्हीच ठरवा, असा फोन आला तेव्हा मी ‘पाचारण’ म्हणालो. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग संयोजक म्हणाले, ‘‘तसं चांगलंय, पण पाचारणावर सहसा फादर किंवा सिस्टर बोलतात. तुम्ही तर...’’ वाक्य त्यांनी सभ्यपणे तिथंच सोडलं. ते मी पुरं करतो. मी तर परत आलेला. एकोणिसाव्या वर्षी नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या उमेदवारीला, गेलो, सोळा महिन्यांनी घरी आलो, पुढे शिक्षक झालो, लग्न केलं, आता निवृत्त आहे. आज त्या परत येण्याबद्दलच बोलायचं आहे.

समोर सगळेच ख्रिस्ती नाहीत, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो. वर्तमानपत्री मराठीत ‘पाचारण’ अग्निशमन दलाला करतात. हाक गेली की बंब घंटा वाजवत निघतो, विचार करत बसत नाही. चर्चच्या मराठीत पाचारण म्हणजे देवाची हाक, आणि तिथला शिरस्ता नेमका उलटा आहे. हाक ऐकू आली असं वाटलं की आधी थांबायचं. ती खरंच हाक आहे का, मलाच आहे का, की शेजारच्या घरातल्या रेडिओचा आवाज आहे, हे पाहायचं. या पाहण्याला कॅथलिक परंपरेत जो शब्द आहे त्याला आपल्याकडे ‘विवेक’ याहून चांगला शब्द नाही. व्रतस्थ जीवन म्हणजे एखाद्या संघात राहून दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेऊन जगणं. त्यात शिरण्याआधीचा हा विवेक कित्येक वर्षं चालतो. आणि त्या साऱ्या वर्षांत घरी परतायचं दार मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. आमच्या गावांनी ते दार बाहेरून लावून घेतलं, हे माझं म्हणणं आहे.

मी जायला निघालो तेव्हा बाबांनी पत्र्याची ट्रंक आणली आणि पेंटरकडून तिच्यावर माझं नाव लिहून घेतलं. नावाच्या आधी ‘ब्र.’ म्हणजे ब्रदर. अजून मी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, पण ट्रंक ब्रदर झाली होती. गावातल्या मिस्सेत माझ्यासाठी प्रार्थना झाली, कुणी सुकेळी आणून दिली, कुणी बनियन. आजीने आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं, आमच्या घरातून एक देवाला दिला. दिलेली वस्तू परत घेत नाहीत, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं.

एकट्या माझ्या सरांनी, ज्यांचे कुटुंबीय आज समोर बसले आहेत, काही आणलं नाही. आदल्या संध्याकाळी मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो. ते ओट्यावर बसून पाकळ्या वेगळ्या करून लसूण निवडत होते. त्यांनी देवाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, ‘‘बुधवारी दुपारी तिथे काय करतात, ठाऊक आहे का रे तुला?’’ मी म्हणालो, प्रार्थना करत असतील. ते म्हणाले, ‘‘बघ आणि मला सांग.’’ मला तेव्हा ही चेष्टा वाटली.

मघाशी सांगितलेल्या विवेकाची रीत ज्याने शिस्तीत बसवली तो माणूस मुळात सैनिक होता. लोयोलाचा इग्नेशियस, स्पेनच्या बास्क मुलखातला. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं. ते पुन्हा मोडून बसवलं, तरी एक टोक वर आलं. घट्ट बुटात ते दिसेल म्हणून त्याने ते करवतीने कापून घेतलं, आणि तेव्हा गुंगीचं औषध नव्हतं. इतका नटवा माणूस. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात होती ख्रिस्तचरित्र आणि संतकथांची पुस्तकं. तो ती वाचायचा आणि मधेच दिवास्वप्नं बघायचा. एक स्वप्न एका थोर घराण्यातल्या स्त्रीची सेवा करण्याचं, तिला भेटायला कसं जाईन, काय बोलेन. दुसरं, संत फ्रान्सिसने केलं ते मी का करू नये, संत डॉमिनिकने केलं ते मी का करू नये. स्वप्नं चालू असताना दोन्हींत सारखीच गोडी होती. फरक नंतर पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकून राहायचा.

मला वाटतं, साडेचारशे-पाचशे वर्षांत या विषयावर जे लिहिलं गेलं त्याचं मूळ एवढ्यात आहे: कढीचा ऊत पाहून ठरवू नका, खाली बसल्यावर भांड्यात काय उरतं ते पाहा. इग्नेशियसने पुढे मान्रेसा गावी जे अनुभवलं आणि टिपलं त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक झालं. 1548 मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली. वाचायला ते अतिशय रुक्ष आहे. पाककृतीचं पुस्तक नुसतं वाचून पोट भरत नाही, तसंच हे. ते तीस दिवस करायचं असतं. त्यातल्या तीन-चार गोष्टी आमच्या गावातल्या प्रत्येक आईबापाला पाठ असायला हव्या होत्या.

पहिली म्हणजे, साधना करवून घेणाऱ्याने समोरच्याला व्रतस्थ जीवनाकडे ढकलायचं नाही आणि त्यापासून ओढायचंही नाही. तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं. शिवाय कुणी भरात येऊन घाईघाईने व्रत घेऊ लागला, तर त्याला आवरायचं, मग तो स्वभावाने उतावळा असेल तर जास्तच. मनाच्या चढउतारांना इग्नेशियस दोन नावं देतो. सांत्वन म्हणजे मन देवाकडे सहज ओढलं जातं ती स्थिती, आणि विषण्णता म्हणजे सगळं अंधारून येतं ती. विषण्णतेत असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा त्याचा सर्वांत कडक नियम. आणि एवढं करूनही उमजत नसेल तर एक युक्ती: ज्याला तू कधी पाहिलं नाहीस असा माणूस हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आलाय असं समज. त्याला तू काय सांगशील? तेच तू कर.

आणि हा मनुष्य स्वतः परत पाठवलेला होता, हे आपण विसरतो. 1523 मध्ये तो जेरुसलेमला गेला. आयुष्य तिथेच काढायचं, हीच देवाची इच्छा, अशी त्याची पक्की खात्री होती. तिथल्या पवित्र स्थळांचा कारभार फ्रान्सिस्कन संघाकडे होता. त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, राहता येणार नाही. हा ऐकेना तेव्हा बहिष्काराची ताकीद दिली. हा निमूट जहाजात बसला आणि तिशी उलटलेली असताना बार्सिलोनात पोरांच्या बरोबरीने लॅटिनची रूपं घोकायला लागला. त्याने काढलेल्या येशूसंघाला मान्यता मिळायला 1540 साल उजाडलं. जेरुसलेममध्ये त्याला राहू दिलं असतं तर येशूसंघ निघाला असता का, कोण जाणे.

आता घरचं उदाहरण. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या चर्चचे अवशेष आहेत. लोक त्याला गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणतात. गोन्सालोंचा जन्म सोळाव्या शतकात वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. शिकले येशूसंघीयांकडे, आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा अशी आत्मसात केली की धर्मशिक्षणाचं काम त्यांच्यावर सोपवत. वर्षानुवर्षं हे काम केलं, मनात एकच, संघात घेतील. घेतलं नाही.

इथे जरा थांबू. आमच्याकडच्या प्रवचनांत हे वाक्य एका श्वासात संपतं आणि आपण थेट त्यांच्या क्रुसावरच्या मरणापाशी पोहोचतो. पण पंचविशीच्या आसपासच्या त्या मुलाचा विचार करा. घर हजारो मैलांवर, ज्यांनी वाढवलं त्यांनीच नाही म्हटलेलं. परत येऊन वसईत तोंड काय दाखवणार? ते व्यापारात पडले आणि चांगला जमही बसवला. कुणाला वाटलं असेल, पोरगं मार्गाला लागलं. मग फिलिपिन्समध्ये, मनिलाला, ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तेही धर्मगुरू म्हणून नाही, ब्रदर म्हणून. ज्या फ्रान्सिस्कनांनी इग्नेशियसला माघारी धाडलं होतं, त्यांनीच इग्नेशियसच्या संघाने न घेतलेल्या वसईकराला पदरात घेतलं. इतिहासाला अशी गंमत करायची सवय आहे.

पुढे 1593 मध्ये फ्रान्सिस्कन पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते जपानला परतले, दुभाषे म्हणून. जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्या दरबारात बोलायला त्यांचीच जीभ होती, आणि ती कमावली होती त्या नाकारल्या गेलेल्या वर्षांत. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं, त्यात ते होते. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकीचे प्रापंचिक ख्रिस्ती. त्या तिघा येशूसंघीयांपैकी दोघांनी संघाची व्रतं घेतली ती अगदी शेवटच्या घटकेला, मरणाच्या वाटेवर. गोन्सालोंना हे कळलं असेल का, आणि कळलं असेल तर काय वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळदा येतो. 1862 मध्ये चर्चने या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. आज त्यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे. ‘नापास’ झालेल्या मुलाच्या नावाचं कॉलेज, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे.

मराठी माणसाला खरं तर हा विषय नवा नाही. लग्नाच्या बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून पळालेल्या नारायणाची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. उलट दिशेची गोष्ट सांगताना आपला आवाज उतरतो. विठ्ठलपंत घरात बायको असताना काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूंना खरं कळलं तेव्हा त्यांनी परत पाठवलं: जा, संसार कर. परंपरेने आलेल्या या कथेत मला गुरू फार मोठे वाटतात. त्यांनी चुकीचा संन्यास ओळखला आणि दुरुस्त केला. चर्चचा कायदाही हेच करतो. पतीपत्नीचं नातं कायम असताना कुणी नोव्हिशिएटमध्ये शिरला तर तो प्रवेशच अवैध. पण आळंदीने काय केलं? परत आलेल्याला वाळीत टाकलं, मुलांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं, आणि आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. गुरूने उघडलेलं दार गावाने लावून घेतलं. त्या पोरांत ज्ञानेश्वर होते म्हणून आपल्याला ही गोष्ट माहीत तरी आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, कारण आईबापांना हे कुणी सांगत नाही. 1983 ची चर्चची कायदेसंहिता म्हणते, आयुष्याचा मार्ग निवडताना कुणाचीही कसलीही सक्ती होऊ नये, हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क आहे. सतरा वर्षं पुरी झाल्याशिवाय नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधला उमेदवार, होता येत नाही. भीतीने, जबरदस्तीने किंवा फसवून आलेल्याचा प्रवेश अवैध. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं. त्या काळात नोव्हिस केव्हाही निघून जाऊ शकतो, आणि संघही त्याला जा म्हणू शकतो. मग तात्पुरती व्रतं, निदान तीन वर्षांची, वाढवत वाढवत जास्तीत जास्त नऊपर्यंत. मुदत संपली की माणूस मोकळा. कायमची व्रतं एकवीस वर्षांच्या आधी नाहीतच. जो हा कायदा वाचेल त्याला दिसेल की तो करणाऱ्यांना माणसं अडकण्याची भीती जास्त होती, निसटण्याची कमी.

ही भीती उगाच नव्हती. ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्येच, मुलीला तिच्या मनाविरुद्ध मठात घालणाऱ्याला शाप जाहीर केला होता. तरी पुढच्या शतकात व्हेनिसमध्ये आर्कांजेला ताराबोत्ती नावाची मुलगी सान्त आन्नाच्या मठात घातली गेलीच. लग्नाचा हुंडा बापांना झेपत नसे, मठाचा त्या मानाने स्वस्त पडे. ती मठातच जगली, मठातच 1652 मध्ये वारली, आणि आतूनच तिने बापांच्या जुलुमावर पुस्तक लिहिलं. ते निघालं तिच्या मरणानंतर, 1654 मध्ये. कायदा चांगला असून भागत नाही. घराचं अर्थशास्त्र आणि गावाची अब्रू त्याच्यापेक्षा जुनी असते.

मदर तेरेसांचं नाव निघाल्याशिवाय असं व्याख्यान पुरं होत नाही, म्हणून त्याही. त्या लॉरेटो संघात 1928 मध्ये आल्या. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना दुसरी हाक जाणवली: हे सोडून गरिबांतल्या गरिबांत जा. त्या लगेच निघाल्या नाहीत. कलकत्त्याच्या आर्चबिशप पेरिये यांनी त्यांना वाट पाहायला लावली, प्रश्न विचारले, पुन्हा वाट पाहायला लावली. परवानगी येऊन त्या मठाबाहेर पडेपर्यंत 1948 चा ऑगस्ट आला. म्हणजे बंबाची घंटा इथेही वाजली नाही. आणि 2007 मध्ये त्यांची खाजगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की त्यानंतरच्या कितीतरी वर्षांत त्यांना आत गोडी अशी काही लाभलीच नव्हती, अंधारच होता. मघाशी मी सांगितलं ना, भांड्यात काय उरतं ते पाहा? इथे माझं ते गणित बसत नाही. ते बसवून दाखवायचा आव मी आणणार नाही. आधी जे पारखून घेतलं त्याला धरून त्या राहिल्या, एवढंच दिसतं.

माझ्यावर मात्र अंधारबिंधार काही नव्हता. नोव्हिशिएटमधले पहिले सहा-सात महिने छान गेले. मग पावसाळ्यात जीव उडाला. फरशीला ओल, कपड्यांना कुबट वास, जवळचा मित्र एका सकाळी न सांगता निघून गेलेला. मी नोव्हिस मास्टरांकडे जाऊन म्हणालो, मला घरी जायचंय. ते म्हणाले, ‘‘पावसात कुणी घर शाकारत नाही. पाऊस जाऊ दे.’’ मी चिडलो, पण थांबलो. पाऊस गेला, मन पुन्हा लागलं, नाताळ आनंदात झाला. मला वाटलं, बरं झालं थांबलो, राहणार मी इथेच.

त्यानंतर महिनाभर आम्हाला एका इस्पितळात कामाला पाठवलं. तिथे रात्री एका म्हाताऱ्या रुग्णाजवळ बसायचं काम माझ्याकडे होतं. त्यांना झोप यायची नाही. ते नातवाचा गणिताचा अभ्यास कसा घेत ते सांगायचे, आणि कागदावर मला अपूर्णांक शिकवायचे, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षातून आलेला! पुढे मी त्याच वॉर्डातल्या एका मुलाला ते अपूर्णांक शिकवले. रोज त्या अर्ध्या तासाची मी वाट पाहू लागलो. परत आल्यावर चॅपेलमध्ये बसलो की तो मुलगा आठवे, आणि स्वस्थ वाटे. त्यात घरची ओढ नव्हती, कंटाळाही नव्हता. काही महिने हे असंच टिकलं. मग एका सकाळी, बाग झाडताना, अगदी प्रसन्न मनाने मला कळलं की मी शिक्षक आहे, आणि मला घर, बायको, मुलं हवी आहेत. या वेळी मास्टरांनी थांब म्हटलं नाही. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, मला आशीर्वाद दिला आणि एसटीचे पैसे दिले.

निर्णय इतका शांतपणे झाला होता, की गावात काय होईल याची मला कल्पनाच नव्हती. आई आठ दिवस लोकांना सांगत होती, सुट्टीवर आलाय. बाबा वाडीत लवकर जाऊ लागले आणि उशिरा परतू लागले. चर्चमध्ये माझ्या बाकावर जागा असायची. एका दुपारी मी पाहिलं, आई ओट्यावर बसून ट्रंकेवरचा ‘ब्र.’ सुरीने खरवडत होती. अक्षर निघालं, पण तेवढा पत्रा चकचकीत झाला, आणि उन्हात धरला की तेच अक्षर लांबून दिसायचं. ट्रंक पुढे भाताच्या बियाण्याला वापरली. आईला मी दोष देत नाही. दिलेलं परत आलं होतं, आणि ते कुठे ठेवायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचारण रविवारच्या दिवशी हल्ली मुलामुलींपुढे चर्चमध्ये बोलायला फादर आणि सिस्टर येतात. माझी धर्मग्रामांना एक सूचना आहे, आणि ती मी बिशपांनाही पत्राने कळवली आहे: एकदा एखाद्या परत आलेल्यालाही बोलवा. शेवटच्या बाकावर नको, माइकसमोर. तो सांगेल ते ऐकून एखादी मुलगी नक्की जाईल, कारण तिला कळेल की जाऊन बघता येतं. आणि आत असलेली एखादी, जी आईच्या तोंडाकडे बघून दिवस ढकलते आहे, ती कदाचित येईल. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

घरी आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी सर आले. गावातले ते पहिलेच. आईने चहा टाकला. ते ट्रंकेवरच बसले, कारण खुर्चीवर कपडे वाळत होते. हवापाण्याचं काही बोलले नाहीत.

‘‘काय करतात रे बुधवारी दुपारी?’’

‘‘कांदे चिरतात, सर. रात्रीच्या भाजीचे.’’

‘‘किती जणांचे?’’

‘‘बेचाळीस.’’

‘‘आणि तुला जमायचे?’’

‘‘पहिले दोन महिने नाही. मग जमायला लागले.’’

‘‘अच्छा,’’ सर म्हणाले, आणि बशीत चहा ओतून घेतला.